दुसरी लेन

फक्कीचं पोतं, दोन खुंट्या आणि सुतळीचा गुंडा. भोपाळबाहेरच्या आमच्या छोट्या खासगी विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक्स विभाग म्हणजे एवढाच, आणि मी. माहितीपत्रकात सिंथेटिक ट्रॅकचा झकास फोटो आहे. तो आमचा नाही.

आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बुटाला लगदा चिकटतो, उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो. ४०० मीटरचा ट्रॅक त्यात बसतच नाही. मग खुंटीभोवती सुतळी फिरवून मी २०० मीटरचा फेरा आखतो, तोही एकाच लेनचा. फक्की पुरवून वापरावी लागते.

मुलींची चार बाय शंभरची टीम मोठ्या मिनतवारीनं जमली. स्पर्धा टीटी नगर स्टेडियमवर होती. (टीटी म्हणजे तात्या टोपे, हे तिथं रोज जाणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर येवल्याचा हा माणूस जवळजवळ दहा महिने इंग्रजांना मध्य हिंदुस्थानभर पळवत होता. धावण्याच्या जागेला याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.) आठवडा उरला आणि तिसरी मुलगी अंतर्गत परीक्षेत अडकली. तिच्या जागी मी मुलताईची एक कबड्डीवाली घेतली. चढाईत पटाईत, पाय विजेसारखे.

सात दिवस तिला एकच घोकायला लावलं. बॅटन बदलायचा पट्टा ३० मीटरचा, त्याच्या आतच घ्यायचा, आतच द्यायचा, मागं बघायचं नाही. पोरगी पठ्ठी निघाली. टीटी नगरवर शेवटचं वळण तिनं असं काही कापलं की मी कठड्यावर चढलो. बॅटन नीट दिला. आणि वळली. ताठ मानेनं, लेन ओलांडत, आली त्या दिशेला चालू लागली. बाहेरच्या लेनमधली मुलगी तिला चुकवताना अडखळली. पंचांचं पिवळं निशाण वर गेलं. आम्ही बाद.

"सर, शिवून झाल्यावर परतच यायचं असतं ना?" ती रडवेली होऊन म्हणाली.

मी काय बोलणार? बॅटन दिल्यावर बाकीचे निघून जाईपर्यंत आपल्याच लेनमध्ये थांबायचं, हे मी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं सुचणार कसं? आमच्याकडे शेजारून धावणारं कुणी नसतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी १.२२ मीटर मोजून शेजारची लेन आखायला घेतली आणि तिच्यात मुलांची टीम उतरवली. आता ती बॅटन देते आणि मुलं पुढं जाईपर्यंत हाताची घडी घालून खांबासारखी उभी राहते.

फक्की दुसऱ्या वळणावरच संपली. तिथून पुढं विटांचे तुकडे मांडलेत.