१५ ऑगस्ट, वावरातून व्हिडिओ कॉल



काल शाळेतलं झेंडावंदन करून थेट वावरात आलो. ११.३० ला पुतण्याचा व्हिडिओ कॉल. तो फौजेत आहे, सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला. तिकडं सकाळचे ८ वाजले होते, त्यांचंही झेंडावंदन नुकतंच आटोपलेलं. तिथं मलाकालला आपल्या फौजेचे पशुवैद्य गावकऱ्यांची गुरं तपासतात. म्हणाला, "काका, इथल्या लोकांचाही जीव गुरांतच."

मग म्हणे, सोयाबीन दाखवा. मी चांगल्या तासांवरून फोन फिरवला, पिवळा मोझॅक आलेला कोपरा टाळला. परदेशात पोराला कशाला घोर? पण त्यानं हेरलंच. "बांधाकडचं दाखवा. पिवळी झाडं अजून उपटली नाहीत? पांढरी माशी रोग पसरवते ना!"

मी विचारलं, "तू तिकडं बरा आहेस ना?" हसला. "तुम्ही कोपरा लपवला, तसं मीही घरी सगळं कुठं सांगतो?"

आज सकाळीच रोगट झाडं उपटून गाडली, त्याला फोटो पाठवला. अन् लिहिलं, आता तुझा कोपरा सांग.

तुमच्या घरचं कोणी फौजेत असेल, तर पोळ्याला बैलांसोबत वावरही दाखवा. सगळं.