मेन आणि क्रॉस

मंगळवार, रात्री साडेदहा.

नातवाची बँकेची परीक्षा तोंडावर आलीय. संध्याकाळी पोळ्या लाटत होते, तर त्याने वही समोर धरली : ३, ५०, ६, ४५, १२, ४०, पुढे काय? मी आपली फरक काढत बसले. सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस... छे!

“अगं आजी, दोन माळा आहेत, एकाआड एक ओवलेल्या.” ३, ६, १२ दुप्पट होत जातात, ५०, ४५, ४० पाचाने उतरतात. म्हणजे २४. आकडे असे वरखाली उड्या मारायला लागले की संशय घ्यायचा, एवढीच खूण. त्याला हे कळतं, पण घड्याळ लावलं की दोन्ही माळांचा गुंता होतो.

मग म्हटलं, पाढ्यांसारखं म्हण. पहिला आकडा मोठ्याने, दुसरा कुजबुजत. आम्ही पावकी-दिडकी सुरात घोकली, ती अजून पाठ आहे. मोबाइलचा पासवर्ड मात्र रोज विसरते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं, की माणसाच्या मनात एका वेळी साताच्या आसपासच गोष्टी मावतात. सहा सुटे आकडे धरण्यापेक्षा ‘दुप्पट’ आणि ‘वजा पाच’ हे दोनच शब्द धरावेत.

शिवाय उदाहरणाला बंगळूरमधलं आपलं चामराजपेट आहेच. १८९२ मध्ये आखून वसवलेली ही पेठ. मेन रस्ते एकीकडे, क्रॉस रस्ते त्यांना आडवे. तिसऱ्या मेनवरून चौथ्या क्रॉसला वळताना तीन आणि चार यांची बेरीज कोण करतं?

“७, ९०, १४, ८१, २१?” मी विचारलं.

“७२,” तो लगेच म्हणाला.

पोळी मात्र करपली.