प्रमाणाचा धडा

सायकलचे पॅडल आणि छोटे इंजिन यांचा संसार म्हणजे मोपेड. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली 'लूना' बाजारात आणली, तेव्हा हा संसार महाराष्ट्रातील व्यापारी घरांच्या दारात येऊन उभा राहिला. इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर ती बेतलेली होती. ५० सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, मागे कॅरिअर आणि पेट्रोल संपलेच तर पॅडल. बँकेचा भरणा, उधारीची वसुली, गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायचा किराणा ही सारी कामे तिने वर्षानुवर्षे निमूटपणे केली.

कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली आणि तिच्याभोवती कामठीची बाजारपेठ वाढली. त्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानाची लूना नव्वदच्या दशकात चांगलीच थकली होती. पोते लादून कन्हानच्या पुलाकडे निघाली की चढावर तिचा दम तुटे. दुकानाच्या मालकांचा धाकटा मुलगा यंत्रांचा हौशी. त्याने नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एका मोटरसायकलचा मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर आणला, लेथवर इनटेकची नवी नळी घडवून घेतली आणि हवेला आडकाठी नको म्हणून एअर फिल्टरही काढून टाकला. पेट्रोलचा खर्च मात्र वाढू नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणून नव्या कार्ब्युरेटरमध्ये त्याने जुन्या लूनाचाच बारीक जेट बसवला.

कार्ब्युरेटरचे काम हिशेबनिसासारखे असते. त्याच्या निमुळत्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे स्थूल प्रमाण. हवा आत येण्याची वाट रुंद केली आणि जेट तोच ठेवला, तर जमा वाढलेली दिसते. पण त्या जमेला आधार देणारे पेट्रोल पुरे पडत नाही. मिस्त्री लोक याला 'लीन' मिश्रण म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे पेट्रोल कमी पडले की पिस्टनला तेल कमी पडते आणि उष्णता वाहून नेणारा आतला गारवाही घटतो.

या आजाराची गंमत, खरे तर धोका, असा की सुरुवातीला तो प्रकृती सुधारल्यासारखा भासतो. मिश्रण किंचित पातळ झाले की इंजिन हलके होऊन धावते, आवाज खणखणीत होतो. त्या लूनाचेही तसेच झाले. चार दिवस ती पूर्वी कधी धावली नव्हती इतकी वेगाने धावली. मुलगा खूश, शेजारचे दुकानदार चकित. पाचव्या दिवशी, मे महिन्याच्या दुपारी, साखरेचे पोते घेऊन पुलाकडे जाताना इंजिन एकाएकी जागीच आवळले गेले. पिस्टन सिलिंडरला धरून बसला. गाडी पॅडल मारीतही हलेना. मुलाने ती ढकलत आणली.

बाजारातल्या वयस्क मिस्त्रीने स्पार्क प्लग काढून मालकांच्या हातावर ठेवला. त्याचे टोक खडूसारखे पांढरे पडले होते. "शेठजी, टोक तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे म्हणजे उपाशीपोटी पळवलेले," एवढेच तो बोलला.

दुरुस्ती त्याने क्रमाने केली. आधी सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन काढला. जळालेला वायू बाहेरच पडत नसेल तर नवी हवा आत शिरणार कशी? इनटेकच्या जोडातून चोरून शिरणारी हवा नवे गॅस्केट घालून बंद केली. सिलिंडर घासून नवा पिस्टन घातला. फिल्टर धुऊन पुन्हा बसवला. मग जुन्यापेक्षा थोडाच मोठा कार्ब्युरेटर घेतला आणि त्याचा जेट मोठ्याकडून लहानाकडे एकेक पायरी उतरवत, दर खेपेला प्लगचा रंग पाहून ठरवला. लूना त्यानंतर चढ चढू लागली. वेग फारसा वाढला नाही, पेट्रोल थोडे अधिक लागू लागले. पण ती मध्येच थांबली नाही.

त्याच महिन्यात घरात दुसरा विचार चालू होता. थोरल्या मुलाला घाऊक तेल-साखरेचा व्यापार सुरू करायचा होता. माल उधारीवर मिळत होता, गिऱ्हाईकही उधारीवर घेणार होते. घरचे भांडवल मात्र होते तेवढेच राहणार होते. कागदावर पहिल्या तिमाहीची उलाढाल दुप्पट दिसत होती. मालकांनी तो कागद वाचला, टेबलावर ठेवलेल्या पांढऱ्या प्लगकडे पाहिले आणि विचारले, "बाळा, हवा तर खूप येईल. पण जेट कोणता बसवला आहेस?"

थोरला मुलगा सुज्ञ होता. त्याने बेत सोडला नाही, आकार बदलला. पहिल्या वर्षी निम्माच माल घेतला, जुनी येणी वसूल करून भांडवलात घातली आणि उधारीची मुदत ठरवून दिली. वाढ सावकाश झाली. मध्यंतरी दोन मोठ्या गिऱ्हाइकांचे पैसे अडकले, तेव्हाही दुकानाला कोणाचे देणे चुकवावे लागले नाही.

उलाढाल वाढते तेव्हा व्यापार सर्वांत जोमदार वाटतो, आणि खेळत्या भांडवलाची टंचाई नेमकी त्याच काळात सुरू झालेली असते. म्हणून वेग पाहून समाधान मानणाऱ्याने अधूनमधून प्लग काढून त्याचा रंग पाहावा. दुकानात तो रंग येण्याच्या यादीत दिसतो, मालाच्या पडून राहण्यात दिसतो, आणि देणेकऱ्याला दिलेली तारीख पहिल्यांदा पुढे ढकलावी लागते तेव्हा तर स्पष्टच दिसतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हवा-पेट्रोलचे प्रमाण आता संगणक सांभाळतो. २०२४ मध्ये लूनाही विजेवर चालणारी होऊन परत आली. घरच्या वहीतले प्रमाण मात्र अजूनही घरातल्यांनाच पाहावे लागते.