तेरावी जोडी

आमच्या घरी अजून तारेचा फोन आहे हे कॉलेजात सांगितलं की मित्र हसतात. त्यांना कसं समजवायचं? आमची वाडी सड्याच्या खाली, खोलगट जागी आहे. मोबाइलला रेंज हवी असेल तर पाच-सात मिनिटं चढून सड्यावर जावं लागतं, आणि पावसाळ्यात आजीला तिथे नेणं म्हणजे पालखीच न्यावी लागेल. शिवाय आजीला कमी ऐकू येतं. काळ्या रिसीव्हरचा वाटोळा भाग ती कानावर गच्च दाबून धरते आणि मुंबईपर्यंत आवाज थेट पोचावा अशा बेताने ओरडते.

पण खरं कारण बाबा. फोन काढून टाकायचा विषय निघाला की ते उठून अंगणात जातात. बाबांनी वीस-बावीस वर्षं फोनच्या केबलचं काम केलं. एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर. चर खणायचे, केबल टाकायची, सांधे जोडायचे. कायम होण्याची आशा दर वर्षी एक वर्ष पुढे जायची. २०१९ नंतर काम मिळेनासं झालं. मग साखरेने डोळे अधू केले. मी लहान असताना ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला रॉकेलचा वास असायचा. केबलीत पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते, ती हाताला लागली की साबणाने जात नाही, रॉकेलने पुसावी लागते. हा वास मला कधी आवडला नाही. प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ असं लिहिलं होतं. अर्ज भरताना बाबा शेजारीच उभे होते. त्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं याचं त्या दिवशी मला बरं वाटलं, हेही इथे लिहून टाकतो.

या जुलैत फोन मेला. त्यात नवल काही नव्हतं, पावसात तो दर वर्षी एक-दोनदा मरतो. पण या वेळी तीन आठवडे झाले. दर रविवारी रात्री नऊला डोंबिवलीहून आत्याचा फोन येतो, तो येईना. आजी रविवारी फोनजवळ बसून राहायची. मे महिन्यात काजूच्या बागेवरून आत्याचं आणि बाबांचं थोडं वाजलं होतं, म्हणून घरात तो विषय कोणी काढत नव्हतं.

शेवटी एक दिवस एस. टी. स्टँडवरून मीच आत्याला मोबाइल लावला. “आत्या, घरचा फोन डेड आहे,” म्हटलं. ती एकदम फणकारली. “डेड कसला? तीन रविवार लावत्येय मी. रिंग चांगली जाते. उचलायचा नसेल तर सरळ सांगा म्हणावं दादाला.” आणि तिने फोन ठेवला.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील किंवा गप्प बसतील. त्यांनी फक्त विचारलं, “रिंग जाते म्हणाली? नक्की? एंगेज नाही लागत?”

“रिंगच म्हणाली.”

“मग तार तुटलेय. शॉर्ट नाही. स्टूल आण.”

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. पण त्या दिवशी बाबांनी ओटीवर बसून मला जे समजावलं ते आमच्या शाळेतल्या कुठल्याही तासापेक्षा स्वच्छ होतं. फोनला दोन तारा. एक्स्चेंजातली ४८ व्होल्टची बॅटरी त्यांच्यावर कायम लागलेली, म्हणून तर वीज गेली तरी फोन चालतो. रिसीव्हर खाली असला की मंडल तुटलेलं असतं, उचलला की जोडलं जातं आणि प्रवाह वाहतो. एक्स्चेंजला तेवढंच कळतं : वाहतोय की नाही. दोन तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर एक्स्चेंजला वाटतं, घरात कोणीतरी रिसीव्हर उचलून ठेवलाय. मग बाहेरच्याला एंगेज ऐकू येतं. आणि तार मधेच तुटली तर वाटतं, रिसीव्हर खाली आहे, सगळं ठीक आहे. ते घंटी पाठवत राहतं. बाहेरच्याला जी रिंग ऐकू येते ती एक्स्चेंज ऐकवतं, आपला फोन वाजो न वाजो.

म्हणजे आत्याच्या कानात तीन रविवार घंटी वाजत होती, आणि इथे आजी त्याच फोनजवळ बसून होती.

“आधी दुखणं घरातलं की बाहेरचं ते बघ,” बाबा म्हणाले. “खांबावरचं काम त्यांचं, त्याला आपण हात लावायचा नाही. पण घरात येते तिथून आपली.” खांबावरून येणारी तार आमच्या पडवीच्या वाशाखाली एका छोट्या पांढऱ्या डबीत येते. बाबा तिला ‘रोझेट’ म्हणतात. तिथून पुढे घरातली तार भिंतीवरून फोनपर्यंत जाते. डबी उघडायची, घरातल्या तारेची टोकं सोडवायची, आणि फोन सरळ डबीलाच लावून बघायचा. तिथे आवाज आला तर दुखणं घरात. नाही आला तर बाहेर. एवढी साधी गोष्ट, पण मला सुचली नसती. मी आधी भिंतीवरची सगळी तार उचकटायला निघालो होतो.

स्टुलावर चढून डबी उघडली. आत मुंग्यांनी संसार मांडला होता. त्यांना फुंकून घालवलं. दोन स्क्रू हिरवे पडलेले. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच तो हिरवा कळक. घरातल्या तारेचं एक टोक तर हात लावताच तुटून हातात आलं. खालून बाबा म्हणाले, “काय दिसतंय ते सांग. रंग सांग.”

घरातली तार बाबांनीच कधीकाळी उरलेल्या केबलच्या तुकड्यातली घातलेली. “एक काळी, एक हिरवी.”

“तेरावी जोडी,” बाबा पटकन म्हणाले.

मी खाली पाहिलं. मग त्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं : पांढरा, लाल, काळा, पिवळा. या प्रत्येकाबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, स्लेट. चार पंचे वीस. पांढरा-निळा पहिली, पांढरा-नारिंगी दुसरी, लाल-निळा सहावी, काळा-हिरवा तेरावी. वीस जोड्यांच्या केबलमधली कुठलीही जोडी डोळे मिटून सांगता आली पाहिजे, कारण चरात बसून कंदिलाच्या उजेडात सांधा करताना रंग नीट दिसत नाहीत, क्रम पाठ असला तरच हात चालतो. मी गंमत म्हणून विचारलं, “सतरावी?” “पिवळा-नारिंगी.” श्वासही न घेता.

अकरावीत असताना याच पाढ्यावरून मी त्यांना टोकलं होतं. ‘बाबा, स्लेट म्हणजे पाटी, तो रंग नाही.’ ते ‘असेल’ म्हणून हसले होते. नंतर केव्हातरी शब्दकोशात पाहिलं; स्लेट हा पाटीच्या दगडासारखा करडा रंग आहेच. मी ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी स्टुलावरून सांगितलं. “मला ठाऊक होतं की,” ते म्हणाले, “आमच्या मुकादमाने शिकवलेलं.”

सडलेली तार पुढून कापत जायची, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत. दोन बोटं कापल्यावर दिसलं. वरचं प्लॅस्टिक बाबा दातांनी सोलायचे; त्यांच्या पुढच्या दाताला त्याची बारीक खाच पडली आहे. मी नेलकटर वापरलं. कापल्यावर तार अपुरी पडेल म्हणून मी घाबरलो, तर वाशामागे वेटोळं घालून ठेवलेली तार निघाली. बाबांनी बसवतानाच ठेवली होती. “ढील ठेवायची. पुढच्या माणसाला हात मिळतो.” तार डबीत शिरण्याआधी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी तिथून टपकतं, डबीत शिरत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दुसरी तार जोडत होतो, दोन्ही हातांत उघडं तांबं, आणि हाताला असा झटका बसला की स्टूल हललं. घंटी आली होती. एरवीचे ४८ व्होल्ट कोरड्या हाताला कळतही नाहीत, पण घंटीचे ७५ च्या आसपास असतात, तेही उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाचे. बाबा आधी दचकले, मग हसू लागले. आत आजी ओरडली, “आली गो, आली!” तिला वाटलं आत्याच. धावत जाऊन उचलला तर एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात विचारत होती, आपल्याला कर्ज हवं आहे का.

स्क्रू आवळून झाल्यावर बाबांनी स्वतः डोंबिवलीचा नंबर फिरवला. आकडे त्यांना दिसत नाहीत, बोटांना माहीत आहेत. पलीकडे उचलल्यावर ते थोडं थांबले. “तार तुटलेली गं,” म्हणाले. “तुला रिंग यायची, आमच्यात नाही वाजायचा.” पलीकडून आत्या बराच वेळ काहीतरी बोलत होती. बाबा नुसतं “हो, हो” करत होते. काजूचा विषय निघाला की नाही, ते मला कळलं नाही. मग आजीने रिसीव्हर ओढून घेतला, आणि पुढचा अर्धा तास सगळ्या वाडीला ऐकू गेला.

बाबा पडवीत आले. स्टुलावर चढू म्हणाले, मी नको म्हटलं. तेव्हा त्यांनी खालूनच हात वर करून वाशामागची तार चाचपली.

“ढील किती ठेवलीस?”

“वीतभर.”

“आणखी थोडी हवी होती,” ते म्हणाले, आणि चाचपत राहिले.