मामा, गुलाबी दिसतंय!

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माणसाला दोनच गोष्टींची खरी भीती वाटते. एक व्हायवा. आणि दुसरी म्हणजे अख्खा वर्ग, आपले सर आणि बाहेरून आलेले एक्स्टर्नल समोर बसलेले असताना पडद्यावर उमटणारी ती पाटी : 'नो सिग्नल'! रात्र जागून स्लाइड्स केलेल्या असतात, विषय पाठ असतो, पण सगळं ज्ञान त्या एका वायरीत अडकतं. मग मागच्या बाकांवरून फुकटचे सल्ले सुरू. "रीस्टार्ट कर", "वायर हलव", "फू मार"...

अशा वेळी आमच्या सेमिनार हॉलमधून गेली तीन वर्षं एकच हाक जायची. "मामाऽऽ!"

मामा म्हणजे हॉलचे शिपाई. ते लॅपटॉपला हात न लावता आधी पडद्याकडे बघणार. "गुलाबी दिसतंय ना पोरी? मग हिरवी तार गेली. पिवळं दिसलं असतं, तर निळी."

मला वाटलं, मामा फेकतायत. म्हणून पुस्तक काढलं. आपल्या हॉलमधली ती निळ्या टोकाची व्हीजीए वायर हे 1987 सालचं स्टँडर्ड. पिना 15. पहिल्या तीन पिना तांबडा, हिरवा आणि निळा, या तीन रंगांच्या. हिरवा तुटला की उरलेले दोन मिळून पांढरी स्लाइड गुलाबी-जांभळट होते. मामा शंभर टक्के बरोबर!

मामांचा दुसरा नियम असा : "आधी प्रोजेक्टर पूर्ण चालू होऊ दे, मग वायर लाव. दोघांची ओळख व्हायला नको?" हेही खरंच निघालं. चित्र पाठवण्याआधी लॅपटॉप प्रोजेक्टरला विचारतो, तुला किती झेपेल? प्रोजेक्टर सांगतो, 1024 बाय 768. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात आणि ते 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून येतं. त्यातली एखादी पिन वाकली की लॅपटॉप अंदाजाने चित्र पाठवतो आणि आपल्या स्लाइडच्या कडा गायब होतात.

मामा जूनमध्ये रिटायर झाले. त्यांच्या जागी एक नवीन दादा आलेत. भिंतीवर सूचनांची इंग्रजी पाटी आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मला ती घडाघडा वाचता येते. पण तिच्यात गुलाबी रंगाबद्दल एक अक्षर नाही! एका एक्स्परिमेंटचं जर्नल आपण पानंच्या पानं लिहितो, आणि मामांना जे माहीत होतं ते मात्र कुठल्याच फाइलमध्ये नाही.

म्हणून त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी वही घेऊन बसले. मामा सांगत गेले, मी लिहीत गेले. माझे ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने दुरुस्त केले. ती यादी आता हॉलमध्ये टेबलाच्या काचेखाली आहे :

वायर ओढू नका, डोकं धरून काढा.
पिन वाकली असेल तर जोर लावू नका, आधी सरळ करा.
एचडीएमआयचा लॅपटॉप असेल तर कन्व्हर्टर लागणारच. एक डिजिटल, दुसरी अ‍ॅनालॉग, नुसती वायर चालत नाही.
टाइप-सीचं भोक आहे म्हणून चित्र जाईलच असं नाही, आदल्या दिवशी येऊन बघा.
विंडोजची की आणि पी एकदम दाबा, 'डुप्लिकेट' निवडा.

शेवटचा नियम मामांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला : "नाहीच लागलं, तर खडू घे आणि बोलायला लाग. तुला येतंय ना?"

खाली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. नवीन दादांनी गेल्या महिन्यात तिथे एक ओळ लिहिली : 'लॅपटॉपचं चार्जर सोबत आणणे.' मंडळी, तुम्हाला काही सापडलं तर तुम्हीही लिहा. पेन काचेशेजारीच ठेवलंय. कृपया नेऊ नये!