खालाच्या गोळ्या

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा खालाच्या डबीत नऊच गोळ्या उरल्या होत्या. एचआयव्हीच्या या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. वारंवार खंड पडला की विषाणू औषधाला जुमानत नाही. एआरटी केंद्र चाळीस किलोमीटरवर, एसटी बंद. खालाची पुस्तिका घेऊन मी स्कूटरवर निघालो. नाक्यावर पोलिसाने विचारलं, "कसलं औषध?" शेजारीच मोहल्ल्यातले एक चाचा उभे. "बीपीचं," मी म्हणालो. त्याने पुस्तिका उघडली, वाचली, गुपचूप मिटली. "जा." केंद्रात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, 'नाको'ने तशी सोय केली होती. रमजानमध्ये खाला इफ्तारनंतर गोळी घ्यायच्या. अम्मीला सांगायच्या, ताकदीची आहे. वर्गात मी एड्सवर न अडखळता बोलतो. अम्मीला मात्र अजून सांगितलेलं नाही.