मैदानासमोरच्या ब्लॉकचा भाव

दादर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावे, फुलबाजाराचा ओला वास मागे टाकावा आणि रानडे रोडवरच्या गर्दीतून वाट काढत समुद्राच्या दिशेने चालू लागावे. दहा-पंधरा मिनिटांत धक्काबुक्की सरते, डोक्यावर झाडांची सावली येते आणि समोर शिवाजी पार्कचे मैदान उघडते. सुमारे २८ एकरांची ही मोकळी जागा १९२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, १९२७ मध्ये तिला महाराजांचे नाव मिळाले. भोवतीच्या गोलसर कोपऱ्यांच्या, प्रशस्त गॅलऱ्यांच्या तीन-चार मजली इमारती त्यानंतरच्या दोन दशकांतल्या. आता त्यांच्या अधूनमधून उंच टॉवर डोकावतात.

मुंबईत जागेचा भाव कशावर ठरतो, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने या मैदानाला एक फेरी मारावी. एकाच इमारतीतले दोन ब्लॉक घ्या. विटा त्याच, वय तेच, खोल्याही तेवढ्याच. पण पुढच्या ब्लॉकच्या गॅलरीतून मैदान दिसते आणि तिथे उद्या कुणी इमारत बांधून वारा अडवण्याची भीती नाही. मागच्या ब्लॉकच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे नळ आणि वाळत घातलेले कपडे. दोन्हींच्या भावात फरक पडतो तो असा, घराबाहेरच्या गोष्टींमुळे.

अर्थात बाहेरचे सगळेच गोड नसते. उन्हाळ्यात मैदानाची लाल धूळ घराघरांत शिरते. गृहिणीला दिवसातून दोनदा फडके मारावे लागते आणि दमेकऱ्याला खिडकी बंद ठेवावी लागते. १९६६ पासून इथे दसऱ्याचे मेळावे गाजले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, तोही आवाजाला कंटाळलेल्या रहिवाशांच्या तक्रारीवरून. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. कुणाला तो दिवस घराजवळ असणे हेच भाग्य वाटते, तर कुणी त्या दिवसांत गावी जातो. रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला घडवले ते याच मैदानावर, म्हणून मुलाच्या क्रिकेटपायी दादरमध्ये घर शोधणारे आईबापही आहेत. व्हॅल्युअरच्या छापील तक्त्यात यांतल्या कशालाच रकाना नसतो.

त्याचे काम वेगळ्या टोकाने सुरू होते. आसपासच्या इमारतींत अलीकडे कोणते व्यवहार नोंदले गेले, हे तो आधी पाहतो. नोंदणी कार्यालयातला ‘इंडेक्स टू’चा उतारा कुणालाही मिळतो. त्यात क्षेत्रफळ, तारीख आणि दाखवलेली रक्कम असते. इस्टेट एजंटने तोंडी सांगितलेल्या भावापेक्षा तो कागद केव्हाही बरा. सरकारचा रेडी रेकनरचा दर मात्र बाजारभाव समजू नये. करारातली किंमत आणि या दराने निघणारी किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, एवढाच त्याचा मुख्य उपयोग.

मग येते क्षेत्रफळ, आणि सामान्य माणूस फसतो तो इथेच. समजा, एजंट म्हणाला, ‘९०० फुटांचा ब्लॉक, ३० हजार रुपये फूट.’ किंमत झाली २ कोटी ७० लाख. घरात टेप लावून मोजले तर चटईक्षेत्र भरले ६०० फूट. म्हणजे खरा भाव ४५ हजार रुपये फूट! उरलेले ३०० फूट जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी यांच्या नावावर. (आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने नव्या प्रकल्पांत चटईक्षेत्रावरच विक्रीची सक्ती केली, पण जुन्या घरांच्या बोलीत ‘बिल्टअप’ अजून ऐकू येते. टेप सोबत न्यावी, हे उत्तम.

टेपेने न मोजता येणारी गोष्ट म्हणजे कागद. लागून असलेल्या दोन इमारती बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एकीत सहकारी सोसायटी आहे, सभासदांकडे शेअर सर्टिफिकेट आहे, जमीन सोसायटीच्या नावावर झालेली आहे. दुसरीत पागडीचे भाडेकरू आहेत आणि त्यांच्याकडे फक्त भाडेपावती आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढ आणि पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली. पागडीची जागा विकताना मालकाची संमती लागते आणि रिवाजाप्रमाणे साधारण तिसरा हिस्सा त्याच्या हाती ठेवावा लागतो. बँका अशा जागेवर कर्ज द्यायला सहसा राजी नसतात. साहजिकच तिचा भाव शेजारच्या ओनरशिपच्या ब्लॉकपेक्षा बराच खाली राहतो.

याहून मोठा प्रश्न घरातल्या घरात उभा राहतो. वडील गेले, थोरला मुलगा परदेशी, मुलगी सासरी ठाण्याला, धाकटा आईवडिलांजवळ. ‘आपल्या तिघांची जागा’ असे सगळेच म्हणत आलेले. पण कायद्याप्रमाणे पागडीच्या घराचा भाडेहक्क आधी मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे जातो. तसे कुणी नसेल तर इतर वारसांकडे. मृत्युपत्र करून तो हक्क देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले. राखीच्या ताटात कटुता मिसळू नये असे वाटत असेल, तर जाणकार वकिलाला वडील हयात असतानाच विचारलेले बरे. किंमत काढायला येणाऱ्या माणसाने पहिल्यांदा भाडेपावती मागितली, तर त्याला आपले काम कळते असे समजावे.

आता मेट्रोचीही भर पडली आहे. भुयारी ॲक्वा लाइन ९ मे २०२५ ला दादरमार्गे आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. एजंट ही गोष्ट पहिल्या वाक्यातच सांगतात. पूर्वेला हिंदमाताचा परिसर मोठ्या पावसात कसा तुंबत आला, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. घर पाहायला एकदा जुलैत, भरतीच्या वेळी, भर पावसात जावे. तळमजल्याच्या भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा पुष्कळ बोलतो.

पुनर्विकासाची बोली लागली की जुन्या इमारतीत दर रविवारी सभा भरतात. किती फूट जास्त मिळणार, तोवर भाडे कोण देणार, याचीच चर्चा. नव्या टॉवरच्या लिफ्ट, वाहनतळ आणि पहारेकऱ्यांचे महिन्याचे बिल निवृत्तिवेतनात बसेल का, हे सहसा एखादी आजीच विचारते. कोट्यवधींच्या घरात राहून बिलाची चिंता करणारी अशी कुटुंबे इथे कमी नाहीत. काही जण ताबा मिळताच घर विकून ठाण्याला किंवा डोंबिवलीला जातात. त्यांतले काही अजूनही एखाद्या संध्याकाळी लोकलने दादरला उतरतात आणि मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसतात. कट्ट्याला अजून भाडे नाही.